पंखा उतरवल्यावर

साठीला टेकलेल्या या माणसाला सगळी वस्ती कानसेन म्हणते. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अंघोळ करतानासुद्धा त्याने कधी सूर लावलेला नाही आणि त्याबद्दल शेजाऱ्यांनी त्याचे आभारच मानावेत. त्याचा कान आहे तो पंख्यांचा. गेली अडतीस वर्षं तो घरोघरचे पंखे दुरुस्त करतो. दारातून आत पाऊल टाकतानाच तो सांगतो, बेअरिंग कोरडं पडलंय, किंवा छताचा हुक झाकणारा कप सैल झालाय, किंवा एका पात्याला कोणीतरी बॉल मारलाय. बॉल मारणारा घरातच कुठेतरी लपलेला असतो.

छताच्या पंख्याचं ऐकायची त्याची एक पद्धत आहे. पात्यांच्या घेऱ्याबाहेर शिडी उभी करायची, दोन हात लांबीची लाकडी काठी फिरत्या पात्यांच्या वरून आडवी नेऊन दांडीला टेकवायची, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटायचे. एरवी बडबड्या म्हणून प्रसिद्ध असलेला हा गृहस्थ तेवढी दोन मिनिटं असा गप्प होतो, की घरातली माणसंही श्वास रोखून उभी राहतात.

आणि धंद्यातली एक लबाडीही आहे, तीही सांगून टाकू. त्याच्या वस्तादाने त्याला सुरुवातीलाच बजावलं होतं, की गिऱ्हाईक म्हणालं आवाज येतो आणि तुला काही सापडलं नाही, तरी ‘काही नाही’ म्हणू नकोस. माणसाला ते लागतं. एखादा स्क्रू सोड, परत आवळ, तेलाचा थेंब टाक आणि ‘झालं’ म्हण. दहातली आठ माणसं लगेच मान हलवतात, हो हो, गेला आवाज. उरलेली दोन दुसरा मेकॅनिक शोधतात. अडतीस वर्षांत या युक्तीने कोणाचं वाईट झालं नव्हतं, त्यामुळे तिला लबाडी म्हणतात हे कानसेन विसरूनच गेला होता.

कॅनॉलच्या बाजूच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. बाप विम्याच्या कचेरीत, आई घरी गणिताच्या शिकवण्या घेते, एकुलती एक मुलगी अकरावीत. ही मुलगी सहा-सात वर्षांची असताना शिडीखाली उभी राहून कानसेनला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. पंखा उलटा फिरवला तर वारा वर जाईल का, हा तिचा प्रश्न त्याला अजून आठवतो. त्याने तसं खरंच करून पाहिलं होतं.

त्या घरून निरोप आला, की मुलीच्या खोलीतला पंखा पुटपुटतो, अभ्यास होत नाही. कानसेन गेला. काठी लावली, डोळे मिटले. पंखा ठणठणीत होता. मुलगी पलंगावर गुडघे छातीशी घेऊन त्याच्याकडे टक लावून बघत होती. एकही प्रश्न विचारला नाही. त्याने सवयीप्रमाणे कपाचा स्क्रू सोडला, आवळला, थेंबभर तेल टाकलं आणि म्हणाला, “झालं.” तिने इतक्या सुटकेने श्वास टाकला, की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी परत बोलावणं. या वेळी तिने आवाजाचं वर्णन केलं. दोन बायका शेजारच्या खोलीत बसून कोणाबद्दल तरी कुजबुजताहेत, तसं. कानसेनने बेअरिंग बदललं, गरज नसताना. जाताना आईने त्याला जिन्यापर्यंत सोडलं आणि ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग हळूच सांगितलं, की हल्ली ही दिवसा झोपते, क्लासला जात नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीशीही बोलणं सोडलंय, डोक्यावरून पाणी घेऊन किती दिवस झाले ते विचारू नका. बाबा म्हणतात वयच असं असतं. तुम्हाला काय वाटतं? कानसेनला काय वाटणार? तोही म्हणाला, वयच असं असतं. वयावर खापर फोडणं सोपं असतं. ते उलटून बोलत नाही.

तिसऱ्या खेपेला बाप वैतागला होता. नवा पंखाच आणून ठेवला होता, खोक्यात. हा बसवा मिस्तरी आणि एकदाचं हे प्रकरण मिटवा, असं म्हणून तो कचेरीत निघून गेला. कानसेनने मेन स्विच बंद केला, जुना पंखा उतरवून जमिनीवर ठेवला, वायरींच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. छताला नुसता हुक उरला. खोलीत इतकी शांतता होती, की खालच्या मजल्यावरचा नळ ऐकू येत होता. मुलीने दोन्ही कानांत कापूस घातलेला होता. ती त्या रिकाम्या हुकाकडे बघत होती.

“अजून बोलताहेत,” ती म्हणाली.

कानसेनच्या हातातला पाना तसाच राहिला.

“तुम्हाला माहितीये ना काका? आई-बाबा म्हणतात काहीच नाही. पण पहिल्या वेळी तुम्ही काहीतरी आवळलंत, तेव्हा त्या दोन दिवस गप्प होत्या. म्हणजे तुम्हाला ऐकू आल्या होत्या. तुम्ही एकटेच आहात ज्यांना ऐकू आल्या.”

खरं बोलायची हीच वेळ होती. पण हुक झिजलाय, नवा घेऊन उद्या येतो, असं काहीतरी पुटपुटून कानसेनने तिथून काढता पाय घेतला. चांगला बोटभर जाडीचा हुक होता तो. माणूस घाबरला की लोखंडावरही आळ घेतो.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, स्क्रूची गोष्टसुद्धा. त्याची बायको सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं बसलेली. खिडकीतून तिला फक्त चेहरे दिसतात, पण चेहऱ्यांच्या रांगा तिने पाहिल्यात. ती म्हणाली, मनाच्या दुखण्याची माणसं आमच्याकडे येतात ती दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढून. आधी लाजेत वेळ जातो, मग घरगुती उपायांत, मग कोणीतरी हात धरून आणतं. तोवर शाळा सुटलेली असते, मित्र तुटलेले असतात, घरच्यांचा धीर संपलेला असतो. दर गुरुवारी या वयाच्या मुलांसाठी वेगळी डॉक्टरीण येते, आणि तिच्या खोलीबाहेरचं बाक निम्मं रिकामं असतं. एवढं सांगून ती थांबली. नवऱ्याला बोलायच्या आधी ती नेहमी थोडी थांबते. तेवढ्यात तो समजून जातो की आता आपली खैर नाही.

“तुमच्या त्या खोट्या स्क्रूने पोरीला साक्षीदार मिळालाय. उद्या जा आणि साक्ष फिरवा.”

“ती माझ्याशी परत बोलणार नाही.”

“नाही बोलली तर नाही बोलली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनेच दार उघडलं. कानसेनने तिला स्वयंपाकघरात नेऊन बायकोचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आई ओट्यावरचा एकच डाग फडक्याने पुसत राहिली. ती म्हणाली, डॉक्टर म्हणजे कागदावर नाव लागणार, पुढे तिचं लग्नाचं, नोकरीचं काय. तिची परीक्षा तोंडावर आलीय. मग तिचा आवाज उतरला. “काका, ती फक्त तुमचं ऐकते. नवा पंखा बसवला, आता आवाज येणार नाही, एवढंच सांगा. तुम्ही म्हणालात तर जाईलही.”

खोटं सांगू कशाला, कानसेनला मोह झाला. समोर एक आई हात जोडायच्या बेतात, आणि सांगायचा एकच शब्द, ‘झालं’. अडतीस वर्षांत हजारो वेळा वापरलेला. पण काल त्या खोलीतून पळ काढल्यावर त्याने कानाला खडा लावला होता. तो म्हणाला, “ताई, दोन दिवस जाईल. मग तिचा माझ्यावरचाही विश्वास जाईल, आणि मग ती कोणालाच सांगणार नाही.” आई फडकं ओट्यावर ठेवून त्याच्या मागोमाग आली आणि दारातच उभी राहिली.

मुलगी कालच्याच जागी बसली होती. कानसेनने शिडी उघडली नाही. तो तिच्या अभ्यासाच्या खुर्चीवर बसला, म्हणजे टेकला; खुर्ची त्याच्या मानाने लहान होती.

“मी तुझ्याशी खोटं बोललो,” तो म्हणाला. “पहिल्या वेळी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पंखा चांगला होता. मी स्क्रू नुसता फिरवला. मी सगळ्यांकडेच तसं करतो.”

मग तिने मान भिंतीकडे वळवली. “म्हणजे तुम्हीही,” ती म्हणाली.

हे ऐकायला लागणार हे माहीत असूनही त्याला ते सोसलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला त्याच्याकडे तेलकट हातरुमालाशिवाय काही नव्हतं. तरी तो बोलत राहिला. म्हणाला, तुला ऐकू येतं हे मात्र खरं आहे, त्यावर मी संशय घेत नाही. न येणाऱ्या आवाजासाठी कोणी कानात कापूस घालून बसत नाही. पण तो पंख्यात नाही. पंखा तर काल मी तुझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

“मग कुठेय?”

“मला माहीत नाही. डोकं थकलं, झोप मोडली, की असं होतं म्हणतात. कधी आपलं आपण जातं, कधी वाढत जातं. ज्यांना त्यातलं कळतं ते सरकारी दवाखान्यात गुरुवारी बसतात. मला पंख्यांपलीकडचं काम येत नाही, पोरी. पण मी सोबत येईन.”

“माझं डोकं बिघडलंय असं म्हणताय?”

“कशाला बिघडायला हवं? बिघडायची वाट बघायची नाही, म्हणून तर म्हणतोय.”

दारातून हुंदका आला. मुलीने आईकडे पाहिलं, मग हुकाकडे, मग कानसेनकडे. एका कानातला कापूस काढून तिने तो बोटांत चोळला. “येते,” ती म्हणाली. “पण आधी पंखा बसवा. रात्रभर उकडून जीव गेला माझा.” अडतीस वर्षांत इतक्या आनंदाने त्याने पंखा बसवला नसेल.

बापाला तयार करायला चार दिवस लागले. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग आवाज चढवला, मग एका संध्याकाळी मुलीच्या खोलीत जाऊन तासभर नुसता बसून आला आणि गुरुवारची रजा टाकली. तेव्हा चौघेजण त्या निम्म्या रिकाम्या बाकावर ओळीने बसले.

डॉक्टरीण तिशीतली, सडपातळ, पायात कापडी बूट. ती आधी मुलीशी एकटीशीच बोलली, बराच वेळ. मग सगळ्यांना आत घेतलं. म्हणाली, आजच कुठलं नाव द्यायची घाई नको. हे शमूही शकतं, किंवा मोठ्या दुखण्याची सुरुवातही असू शकते. म्हणूनच आत्ता आलात ते बरं केलंत. दर आठवड्याला यायचं. झोपेची घडी आधी बसवायची. औषध लागलं तर थोडं, आणि का देतेय ते मी तिला सांगूनच देईन. घरच्यांनीही शिकायचं, आवाजांवरून तिच्याशी वाद घालायचा नाही आणि हो ला होही करायचं नाही. शेवटचं वाक्य ऐकताना कानसेनने मान खाली घातली.

डॉक्टरीण कागदावर लिहू लागली. लिहिता लिहिता तिने विचारलं, “हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?”

बापाने मोठ्या मनाने कानसेनकडे बोट केलं. कानसेन बायकोचं नाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी बोलली. आवाज शांत होता, तक्रारीचा नव्हता.

“माझ्या. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. हे दर वेळी पंखेवाल्याला बोलवायचे.”

डॉक्टरणीने ते तसंच, तिच्याच शब्दांत, लिहून घेतलं.