मामांच्या फेऱ्या

चपलांच्या त्या दुकानात मामा बावीस वर्षं दारावर होते. खरं म्हणजे दारावर असे ते फारसे नसतच. म्हातारं गिऱ्हाईक दिसलं की पायऱ्या उतरायचे, हात धरून थेट आतल्या स्टुलावर नेऊन बसवायचे. कोणाचं खोकं गाडीत ठेवायचे, पुन्हा आत. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माणसाला एका जागी चैनच नव्हतं.

मग चौकटीवर आत येणारी माणसं मोजणारं यंत्र बसलं. महिनाअखेरीस मॅनेजरनं हिशेब मांडला : रोज अडीचशे माणसं आत येतात, खरेदी करतात जेमतेम साठ. खापर फुटलं विक्रेत्या मुलीच्या डोक्यावर.

"हातचं गिऱ्हाईक घालवतेस. पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस."

मुलीच्या घरी बाप अंथरुणाला खिळलेला, कमावणारी ती एकटी.

अडीचशे हा आकडा मामांना काही केल्या पटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन काड्यापेट्या डाव्या खिशात ओतल्या. दारातून आत पाऊल टाकलं की एक काडी उजव्या खिशात. दुकान बंद होताना मोजल्या तर एकशे दहा. म्हणजे यंत्रानं मामांनाच एकशे दहा वेळा मोजलं होतं. पोरीच्या पोटावर पाय आणत होते ते स्वतःच. आणि हे सांगावं, तर दारावर न थांबणारा माणूस हवाच कशाला, हा प्रश्न निघणार. हातातला चहा पार निवला, तेव्हा ते उठून मॅनेजरकडे गेले.

मॅनेजर आधी हसला. मग त्यानं वजाबाकी केली.

"अहो मामा, निम्मी गर्दी तुमचीच की!"

मुलगी राहिली. मामाही राहिले, पण आता बाहेरच उभं राहायचं, यंत्राखालून जायचं नाही.

"मामा, कशाला बोललात?" मुलगी म्हणाली. "गप्प बसला असतात तरी चाललं असतं."

"तुला चाललं असतं?"

चार दिवसांनी नेहमीच्या एक आजी काठी टेकत आल्या. मामांनी हात धरून त्यांना तिन्ही पायऱ्या चढवल्या आणि दाराशी हात सोडला. आजी गडबडल्या.

"हे काय, आत नाही येत?"

"नाही हो. आत आलो की मी गिऱ्हाईक होतो."

आजी हसल्या. मामांना हसू आलं नाही, फार वाईट वाटलं. आतून मुलगी धावत येईपर्यंत आजींचा हात तसाच पुढे होता, आणि मामांचाही.