पाच रोगांचं एकच बिल

संयोगिता शिंद्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या पागेत होते, वडील रेल्वेत. त्या स्वतः मुलं शाळेत जायला लागल्यावर समा भागातल्या एका बालरोग दवाखान्यात काउंटरवर बसल्या. घरात बसून जीव आंबला म्हणाल्या. पुढे बरीच वर्षं तिथेच काढली, आणि त्यांतला निम्मा काळ तरी त्या कुणावर ना कुणावर वैतागलेल्या असायच्या. कारणंही तशीच होती.

दवाखाना डॉक्टर निरुपमा दिघ्यांचा. येणारी बरीच मुलं बाजव्याकडच्या कारखान्यांतल्या नोकरदारांची. त्यांतली एक मोठी केमिकल कंपनी मुलांच्या लशींचा खर्च देई. देई म्हणजे काय, तर आधी आईबापांनी भरायचा, मग दवाखान्याचं बिल कंपनीच्या मेडिकल खात्यात द्यायचं आणि वाट बघत बसायचं. बिल परत आलं की आईबाप कंपनीत भांडत नसत. साहेबांशी कोण भांडणार? ते संयोगिताताईंपुढे येऊन उभे राहत.

दोन हजार चारच्या सुमारास पाच रोगांची एकत्र लस दवाखान्यात आली आणि हा ताप वाढला. पूर्वी घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची त्रिगुणी वेगळी, काविळीची वेगळी, मेंदूज्वर-न्यूमोनियाची हिब वेगळी. बाळाला तीन टोचण्या. आता एकाच टोचणीत सगळं. बाळ एकदाच रडायचं, आया खूश. कंपनीच्या यादीत मात्र जुनीच तीन नावं. एकत्र लशीचं बिल "यादीत नाही" म्हणून परत आलं. ताईंनी तिन्ही नावं बिलावर लिहून दिली, तर "इंजेक्शन एक, नावे तीन, खुलासा करावा."

हे शेरे मारणारे मेडिकल खात्यातले सुभानराव मोरे. माणूस वाईट नव्हता, फोनवर आधी घरची खुशाली विचारायचा. पण दुसऱ्या डोसचं बिल "ही लस पूर्वीच दिली आहे" म्हणून परत आलं, तेव्हा ताईंचा पारा चढला.

"सुभानराव, ही लस तीनदा द्यावी लागते हो. महिन्या-महिन्यानं."

"मग ताई, पहिली लागू नाही पडली का?"

"लागू पडली! तीनदा दिली तरच पुरती लागू पडते!"

"असं डॉक्टरांकडून लिहून आणा. आणि यापुढे बिलाबरोबर रिकामं खोकं आणि बाटल्यांवरची लेबलं जोडत चला. ऑडिटवाले विचारतात."

त्या लशीच्या खोक्यात बाटल्या दोन. एकीत पातळ औषध, दुसरीत हिबची पावडर. पातळ औषध पावडरीत घालून हलवायचं आणि मग टोचायचं. म्हणजे आता दर दुपारी दवाखाना बंद झाला की ट्रेमधल्या बाटल्या वाटीभर पाण्यात भिजत घालून लेबलं सोडवत बसायचं. "शिकले ते टपाल तिकिटं गोळा करायला की काय!" असं म्हणत त्या ते करायच्या.

अशाच एका दुपारी त्यांच्या हातात पावडरची बाटली आली आणि तिचं झाकण जागेवर होतं. सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. खोकं अवनी बेहेरेचं. तिचे वडील हेरंब त्याच कंपनीत इंजिनियर.

"नयना! आ शुं छे?" हे काय, म्हणून ताईंनी गुजरातीत हाक मारली.

नयना नर्स नवीनच लागली होती. बाटली बघून ती पांढरीफटक पडली. त्या वेळी दुसऱ्या बाळाला उलटी झाली, धावपळ उडाली, आणि तिने नुसतंच पातळ औषध सिरिंजमध्ये भरलं होतं. पोरगी रडायला लागली. ताईंना तिची दयाही आली आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं. त्या बाटली घेऊन आत गेल्या.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून बघितली. "कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"बाकीच्या चार रोगांची लस व्यवस्थित गेलीय. हिब पुढच्या डोसमध्ये जाईलच. आता त्यांना उगाच घाबरवायचं..."

"मॅडम, घाबरण्यासारखं नसेल तर तसंच सांगा ना त्यांना. त्यांच्या मुलीला काय दिलं आणि काय नाही, ते त्यांना कळायला नको?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग फोन ओढला आणि स्वतः अवनीच्या घरी सगळं सांगितलं.

संध्याकाळी हेरंब आला तो थेट काउंटरवर. वेटिंग रूम भरलेली. "पाच रोगांचं बिल लावलंत आणि चारांचीच लस दिलीत? माणसं आहात की कोण?" डॉक्टर आत होत्या, नयना आत होती. ऐकून घ्यायला बाहेर संयोगिताताई. त्यांनी ऐकून घेतलं. अवनीला हिबची वेगळी लस टोचली. ती डॉक्टरांनी आपल्याकडून दिली. पोर पुन्हा एकदा रडली आणि तिची आई कुणाशी न बोलता निघून गेली.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं, पण बिल राहिलं होतं. ताईंनी पातळ औषधाचं लेबल आणि नव्या हिबचं लेबल जोडून, खरं काय घडलं ते खाली लिहून पाठवलं. ते परत आलं. "लेबले दोन वेगळ्या उत्पादकांची. डॉक्टरांचा लेखी खुलासा जोडावा." डॉक्टर म्हणाल्या, "तोंडी सांगितलं ते ठीक. चूक सहीनिशी लिहून दिली तर उद्या कुणीही तो कागद नाचवेल." हेरंबचे रोज फोन सुरू झाले.

शेवटी एक दिवस ताई रजा टाकून, रिक्षा करून बाजव्याला गेल्या. सुभानराव मीटिंगमध्ये होते. ताई बाकावर बसून राहिल्या. ते आल्यावर ताईंनी पर्समधून सीलबंद बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हीच ती. बघा."

सुभानरावांनी बाटली फिरवून बघितली. "ताई, एक विचारू? हिचं लेबल सोडवून बिलाला चिकटवलं असतं, तर मला काय कळणार होतं?"

"तेच तर म्हणतेय मी!" ताईंचा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या. "खोटं केलं असतं तर तुम्ही बिल मुकाट्यानं पास केलं असतं. खरं लिहिलं म्हणून सकाळपासून इथे बाकावर बसलेय!"

सुभानरावांनी बाटली परत ताईंपुढे सरकवली. मग त्यांनी ताईंसाठी चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "पण सही लागेलच हो."

ताईंना हसावं की रडावं कळेना. चहा मात्र त्यांनी प्यायला. परत येऊन डॉक्टरांपुढे कोरा कागद ठेवला. "त्या माणसाला मी आज नाही नाही ते बोलून आलेय. आता तुम्ही सही करा, नाहीतर उद्यापासून काउंटरवर स्वतः बसा." डॉक्टरांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

बिल पास झालं. हेरंबनं मुलीला अलकापुरीतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, निरोपही घेतला नाही. ताईंना ते लागलं. नयना मात्र टिकली. तेव्हापासून त्या दवाखान्यात पावडर मिसळताना बाळाच्या आईला दाखवायची पद्धत पडली. आयांना त्यातलं काही कळत नसे, तरी नयना दाखवायचीच.

काही वर्षांनी एका सकाळी हेरंबची बायको काउंटरपाशी आली. कडेवर दुसरं बाळ, विहंग.

"तिकडे काही वाईट अनुभव नाही आला," ती जरा अवघडून म्हणाली. "पण तिकडे चुकलं तर फोन करून सांगतील का, याची खात्री वाटत नाही. ह्यांनीच सांगितलं, इथेच ने म्हणून."

संयोगिताताईंना मनापासून बरं वाटलं. तसं दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी बाळाच्या गालाला बोट लावलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मिस्टरांची कंपनी अजून तीच का हो?"

"हो, तीच."

"झालं!" म्हणत ताईंनी कपाळावर हात मारला.