श्रावणात पाळलेली मरळ

पूर आला की आमची नदी पात्र सोडून खालच्या मळ्यात राहायलाच येते, आणि येताना सगळं माशांचं गोत्र घेऊन येते. त्या वर्षी एक मरळ अशी चढली, की तिचं डोकं आमच्या बांधाला लागलं तेव्हा शेपूट अजून पालीच्या बाजारात होतं. खोटं वाटत असेल तर अर्धी कापून घ्या. उरेल तीही तुमच्या टोपात मावायची नाही.

नेमकी श्रावणात पावसाने दडी मारली. नदी गुपचूप पात्रात परतली, मळा ओसरला आणि मरळ आमच्या शेताच्या सखल कोपऱ्यात, बांधाच्या आत, डबक्यात अडकली. श्रावणात आमच्यात मासळीला कोणी शिवत नाही, म्हणून ती वाचली. पण डबकं रोज आटत होतं. आधी श्रावण संपतो की पाणी, हाच प्रश्न.

त्यात जीव अडकला होता माझ्या काकांचा. टायफॉइडमधून उठले होते, पण अन्नावरची वासनाच गेलेली. उभं राहायला दोन माणसं लागत. काकू पेजेची वाटी घेऊन जायची आणि तशीच परत आणायची. मरळीचं ऐकलं तेव्हा मात्र काकांनी डोळे उघडले. "श्रावण सरू दे. कालवण खाईन."

झालं! विहिरीची मोटार जळालेली, म्हणून मी कळशीने पाणी आणून डबक्यात ओतू लागलो. इतकं ओतलं की अरबी समुद्राची पातळी खाली गेली. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या होड्या तेव्हाच रुतल्या असणार.

शेजारीण बांधावरून ओरडायची, "भात करपतंय नि माशाला आंघोळ? मेल्या, साबण पण लाव!"

काकांना आम्ही दोघं धरून बांधावर नेऊ, मग ते खुर्ची टाकून राखणीला बसत. बगळा आला की काठी आपटत. पहिल्यांदा बसून, मग अर्धे उठून. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. मरळीच्या वर पाण्यात कुंकू सांडल्यासारखा लालसर ढग हलत होता. पिल्लं! मरळ त्यांच्याखाली पहारा देत होती. बगळ्याची सावली पडली तशी ती उसळली. काकांनीही काठी आपटली.

श्रावणाच्या शेवटच्या दिवशी पाऊस धो धो परतला. दुसऱ्या दिवशी नदी आमच्या बांधाला टेकली. काकूने पहाटेच ओलं खोबरं, मिरची, धणे घालून वाटप वाटून ठेवलेलं. मी पागाचं जाळं घेऊन मळ्यात गेलो, तर काका आधीच तिथे. एकटे, उभे, हातात फावडं. बांध फोडलेला.

"काका! मरळ?"

"गेली. पोरं घेऊन गेली."

"आणि कालवण?"

"पिल्लं अर्ध्या बोटाएवढी नाय झाली रे, आणि आईला कसली धरतोस?" असं म्हणून त्यांनी मलाच फावडं दिलं. "बांध बुजव. मला भूक लागलेय."

घरी काकू कपाळावर हात मारून माझ्यावर ओरडली, त्यांच्यावर ओरडली, नदीवरही ओरडली. मग त्या वाटपात बटाटे चिरून टाकले.

काकांनी ताटभर भात कालवला. रस्सा कोपरापर्यंत ओघळला. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा काकूने पदराने डोळे पुसले, धुराने, म्हणाली. गॅसच्या शेगडीला धूर!

तिसऱ्यांदा वाढताना तिचा आवाज चढला, "काटे बघून खा हो!"