सिनेमातला पट्टा

चारकोपच्या मार्केटमधला आमचा शिंपी शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी सुपरहिरोचे कपडे शिवतो. टेप काढायच्या आधी विचारतो, "सिनेमातला, सिरियलमधला की गेममधला?" हिरो एकच, पण याच्या वहीत तिघांचे पट्टे वेगळे.

नातीचा ड्रेस आणायला गेले तेव्हा स्पर्धेला तासभर उरला होता. घडी घालता घालता तो थांबला आणि शिवलेला पट्टा उसवायला लागला.

"आजी, सिनेमाच्या ड्रेसला गेमचा पट्टा लागलाय."

"अरे मेल्या, परीक्षक बाई माझ्या वयाची आहे. तिला काय कळणार?"

"बाईंना नाही कळत, पोरांना कळतं. हसतील तिला."

दुसरा पट्टा लावूनच त्याने ड्रेस दिला. आम्ही धापा टाकत पोचलो. बक्षीस कोबी झालेल्या मुलीला मिळालं, पण नातीला कोणी हसलं नाही.

माझ्या ब्लाउजच्या दोन बाह्या मात्र त्याला आजवर सारख्या जमलेल्या नाहीत.