अक्का, तुमचा जादा हप्ता

चाकूरच्या फाट्यावर दोन्ही जीप थांबल्या, तेव्हा तुम्ही खाली उतरून माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. तुमची गाडी नांदेडकडे वळणार होती, आमची लातूरकडे. विहिरीनं तळ दाखवला होता, बैल बाजारात गेले होते, आणि लातूर नवा जिल्हा झाला म्हणून गाडीवाल्याला तिथं काम कमी पडणार नाही असं सगळेच म्हणत होते. तुमचं माहेर नांदेडचं, म्हणून थोरल्या भाऊजींनी नांदेड धरलं. गावातून निघताना मामंजींनी दोन्ही गाड्यांच्या काचेला भस्म लावलं होतं आणि म्हणाले होते, "भाऊ भाऊ सारखेच निघालेत, सारखेच ऱ्हावा."

अक्का, मला ते तेव्हा खरं वाटलं होतं. गाड्या सारख्या, पत्र्याच्या पेट्या सारख्या, आपल्या दोघींची लुगडीसुद्धा एकाच दुकानातली. तुम्ही थोरली जाऊ आणि मी धाकटी, एवढाच फरक. पण दुसरा एक फरक आदल्या आठवड्यात घरीच पडला होता.

विमावाला ओसरीवर बसला होता. तो सांगत होता, साधा विमा कायद्यानं काढावाच लागतो. रस्त्यावरच्या माणसाला गाडी लागली तर कंपनी पैसे देते, पण एका मर्यादेपर्यंतच. कोर्टानं त्याहून जास्त भरपाई सांगितली तर ती मालकाच्या घरादारातून जाते. आणि गाडीत फुकट बसवलेला पाहुणा त्या विम्यात धरतच नाहीत. थोडा जादा हप्ता भरला तर वरचंही कंपनी बघते आणि पाहुण्याचंही. "साध्या विम्यावर धरलेली छत्री समजा," तो म्हणाला.

आमचे हे हसले. "पावसाचा पत्ता न्हाई, अन् तुम्ही छत्र्या विकून राहिलाव."

मामंजींना तर रागच आला. "पाहुणा गाडीत बसायच्या आधीच त्याचं हातपाय मोडायचं बोलायचं व्हय? असलं आपल्यात करत न्हाईत."

आपण दोघी दाराआड उभ्या होतो. मामंजींसमोर सुनांनी बोलायचं नसतं, म्हणून तुम्ही बांगड्या वाजवल्या. भाऊजींनी मान वळवून बघितलं, काय समजायचं ते समजले आणि विमावाल्याला म्हणाले, "माझा भरून घ्या." माझ्याही हातात बांगड्या होत्या. पण माझा हात हलला तर घरभर ऐकू जाईल असं मला आयुष्यभर वाटत आलंय.

लातुरात आम्ही एक प्लॉट घेतला. तेव्हा तिथं बाभळी होत्या. संध्याकाळी मी तिथं जाऊन दगड रचायची आणि इथं चूल, इथं न्हाणी असं मनातच ठरवायची. नांदेडहून तुमचा निरोप यायचा, पाया खणला, भिंती आल्या, स्लॅब पडला. प्रत्येक निरोपाला मी "चांगलं झालं" म्हणायची आणि रात्रीची भाकर मला गोड लागायची नाही.

मग नात्यात एक साखरपुडा झाला. परतताना ह्यांनी पाहुणे गाडीत घेतले. आपल्याकडे रिकामी गाडी पाहुण्यांवरून पुढं नेणं म्हणजे तोंड फिरवणंच. टायर फुटला आणि जीप पलटली. बाकीचे खरचटण्यावर वाचले, पण ह्यांच्या महादप्पामामांचं कंबरडं गेलं. नांगर धरणारा माणूस खाटेवर पडला. त्यांच्या घरच्यांनी केस केली. मी त्यांना वाईट म्हणत नाही, त्यांनी खायचं काय?

वकिलानं ह्यांना विचारलं, "भाडं घेतलं होतं का?"

"मामाकडून भाडं? आम्ही काय माणसं न्हाईत का?" हे म्हणाले.

माणसं होतो, म्हणूनच मामा फुकटचे पाहुणे ठरले आणि कंपनीनं हात वर केले. प्लॉट गेला, गावच्या शेतातला आमचा वाटा गेला, जीपही गेली. त्या प्लॉटवर आता दुसऱ्याचं तीन मजली घर आहे. त्यांची न्हाणी कुठं आहे ते मला माहीत नाही. मी त्या गल्लीनं जात नाही.

तुमच्या गाडीला कधी काहीच झालं नाही. तुम्ही वर्षानुवर्षं तो हप्ता भरला आणि तो तुम्हाला एकदाही लागला नाही. मला हेच सोसत नाही. बरं, घराचं एक वेळ सोसलं असतं. पण तुमच्या जीपमध्ये नेहमी आपली माणसं भरलेली असायची. कुणाच्या बाळंतिणीला आणा, कुणाला दवाखान्यात न्या. नांदेडची अक्का म्हणजे देवमाणूस. आणि आम्ही एक जुनी जीप विकत घेऊन परत रस्त्यावर आलो, तेव्हा हे ओळखीचा माणूस दिसला की मान फिरवून गाडी दामटायचे. मामांच्या घरून पहिली तूर यायची ती नांदेडला. गाडी मोडली आमची, जमीन विकून भरलं आम्ही, आणि तूर तुम्हाला.

त्या जुन्या जीपचा विमा काढायला मी ह्यांना न सांगता एकटी गेले. कचेरीच्या दारात बराच वेळ उभी राहिले, तेव्हा आतल्या माणसानंच बोलावलं.

"साधा बास की, बाई," तो म्हणाला. "घर भाड्याचं, शेत न्हाई. वाचवायला हाय काय तुमच्याकडं?"

मी म्हणाले, "आमच्या थोरल्या जाऊबाईचा जादाचा हाय. तसाच करा."

"जावेचा हाय म्हणून काढून राहिल्या का?"

"हाव," मी म्हणाले.

तो हसला, मी नाही. घर म्हणजे चार भिंती असं मी बाभळीत दगड रचताना समजत होते. आता मला वाटतं, आपल्या माणसाला न घाबरता 'बसा' म्हणता आलं की ते घर. मग त्याला चाकं असली तरी चालतील.

संक्रांतीला गावी निघालो होतो. चाकूरच्या थोडं अलीकडे महादप्पामामांची बायको उन्हात उभी होती. ह्यांनी सवयीनं मान फिरवली. मी म्हणाले, "थांबवा."

मामी जवळ आल्या, पण पाय वर टाकीनात. "तुमच्या गाडीत? नको ग माय."

"बसा मामी. सगळ्यांचा विमा हाय."

"नांदेडवालीच्या गाडीसारखा?"

"तसाच."

मामी बसल्या आणि गाव येईपर्यंत तुमचंच कौतुक करत राहिल्या. मी करू दिलं. गाडी आमची होती.