कोपराची जागा

बाबा गेल्यावर वर्षभर त्यांची जुनी मोटार अंगणात नुसती उभी होती. शेवटी रंगवून घ्यावी म्हणून मी ती कोल्हापुरात इस्माईलभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. तेव्हा ते दुसऱ्याच एका मोटारीच्या बॉनेटवर स्पंजाने तपकिरी, नारिंगी ठिपके उठवत होते. हुबेहूब गंज चढल्यासारखं दिसत होतं.

"हा रंग आहे?" मी विचारलं.

"रंगच. मालकाची हौस. गाडी पन्नास पावसाळे भिजलीय असं वाटायला पाहिजे," ते हसले.

मग हात पुसत त्यांनी आमच्या गाडीभोवती फेरी मारली आणि ड्रायव्हरच्या दारापाशी थांबले. खिडकीच्या कडेवरचा रंग तळहाताएवढा झिजून आतला पत्रा चकाकत होता.

"वडील इथं कोपर टेकवून चालवायचे," मी म्हणालो. "तेवढंही झाकून टाका."

"झाकतो की. पण पुन्हा पाहिजे झालं, तर मला जमणार नाही साहेब. गंज करतो मी. माणूस कुठला करू?"

"मग तेवढं राहू द्या तसंच," मी म्हणालो. इतकी वर्षं जी मला नुसती खराबी वाटली, तिच्यात एका परक्या माणसाने माझे बाबा पाहिले होते.

आठवड्याने गाडी मिळाली. सगळी नवी, तेवढी जागा तशीच, वरून फक्त पारदर्शक लॅकरचा हात. मी इस्माईलभाईंचे रंगाने माखलेले हात हातात घेतले. घरी येताना काच खाली करून मी कोपर बाहेर टेकवला. पत्रा उन्हाने तापला होता. चटका बसला, तरी काढला नाही.