ओल्या रंगातला अंगठा

माझ्या भाचीइतका संशयी जीव पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. लोक दुसऱ्याच्या घरी गेले की माणसांची तोंडं बघतात, ही अंगणातली पावलं बघते. आमच्या रामवाडीच्या घरात शिरता शिरता विचारते, "आत्ये, डाव्या पायानं लंगडणारं कोण आलं व्हतं गो?" आता दूधवाल्याच्या पायाला फोड आलाय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं! रोह्याला एका साखरपुड्यात नवऱ्या मुलीचं पैंजण हरवलं, तर हिने पंगतच उठू दिली नाही. मुलाचे आजोबा बिचारे खरकट्या हातानं बसून, आणि ही म्हणते, "आजोबा, हलू नका, पुरावा जाईल!" पैंजण निघालं नवरीच्याच शालूच्या निऱ्यांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबाच हसून म्हणाले, "हिला लवकर नोकरीला लावा, नायतर कोण जेवायचं नाय."

नोकरीचंच तर सगळं होतं. बी.ए. झाल्यावर हिने विद्यापीठात गुन्हेशास्त्राला अर्ज केला आणि नंबरही लागला. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, सुटून आल्यावर त्याचं काय होतं, ज्याचं नुकसान झालं त्याला न्याय कसा मिळतो, असलं सगळं शिकवतात म्हणे. पुढे कोर्टात, तुरुंगात, सुधारगृहात काम मिळतं. पण माझा भाऊ, तिचा बाप, अडून बसला. हमरापूरला त्याचा गणपतीचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्यासारखी कोणाला जमत नाही, आणि त्याचा त्याला ताठाही आहे. "चोरांचं काय शिकायचं? आखणी शीक," एवढंच म्हणायचा.

त्यातच कारखान्यात कोणीतरी ओल्या पितांबराला बोट लावायला लागलं. रोज एका मूर्तीच्या पिवळ्या रंगात अंगठा उमटलेला! भाऊ रंगकाम करणाऱ्या बायांवर डाफरला. एक तर रडतच घरी निघाली. तेव्हा भाऊ लेकीला म्हणाला, "लय शहाणी ना तू? शोध. सापडला तर जा तुझ्या विद्यापीठात. नाय तर सोड तो नाद."

मग काय, हिने शाई आणली आणि सगळ्यांचे अंगठे कागदावर घेतले. माझाही घेतला. "आत्ये, भांडी घासून तुझ्या रेषाच गेल्यात गो," म्हणाली आणि उगाच माझा हात धरून बसली. बाप मात्र शेवटी हसत हसत अंगठा देऊन गेला. त्याच्या अंगठ्यावर लहानपणी कोयता लागल्याची आडवी खूण आहे. ती खूण कागदावर उमटली, आणि पोरीचा चेहराच बदलला. पितांबरांवरच्या ठशांतही तीच आडवी रेघ होती, मीही बघितली. रंग वाळला की नाही हे त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो हात लावून बघत होता, आणि ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

सगळे जमले. बाप म्हणाला, "बोल, कोण?"

"बायांपैकी कोणाचा नाय, बाबा. त्यांना बोल लावू नका."

"मग कोणाचा?"

"ते मी सांगणार नाय."

"म्हणजे हरलीस."

"व्हय," म्हणाली, आणि हात धुवायला गेली. जिच्यापायी अख्खी पंगत खोळंबली होती, ती पोरगी एवढ्यावर गप्प बसली!

भाऊ कितीतरी वेळ तो कागद डोळ्यांशी नेऊन बघत होता. मग स्वतःचा अंगठा. चार दिवसांनी हळूच मला म्हणाला, "आक्के, डोळ्याच्या डॉक्टराकडं येशील काय गो?" मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. ऑपरेशन झालं. कारखान्यात परत आला तो आधी त्या बायांसमोर उभा राहिला, "अंगठा माझा व्हता. चुकलो." आणि लेकीकडे न बघता म्हणाला, "पकडलंस, पण चारचौघांत बेडी घातली नायस. जा, शीक. तुला जमंल."

आता ती तिकडे शिकते. परवा फोनवर सांगत होती, सुधारगृहातल्या पोरांना भेटून आली. त्यांनी काय केलं हे विचारायच्या आधी ते जेवले का, हे विचारलं म्हणे. माझ्या अंगणातली पावलं मात्र आता कोणी वाचत नाही. कोण येतं, कोण जातं, मलाच लक्षात ठेवावं लागतं.

यंदा भावाने तिच्या खोलीसाठी वीतभर गणपती केलाय. आखणी अशी की नजर हटत नाही. मग मूर्ती आडवी करून पाटाखाली ओल्या रंगात अंगठा दाबला. मी म्हटलं, "अरे, नाव तरी लिही."

"कशाला?" म्हणाला. "ती वळखंल."